एकर विकण्याआधी ऑप्शन फॉर्म

पत्र

ताई, नमस्कार. बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी दिवाणजी आहे. पगार महिना १४,०००. गावाकडं साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात ज्वारी आणि तूर. बायको शिवणकाम करते. थोरली लेक यंदा बारावी झाली, सीईटीला ८७ पर्सेंटाइल पडले. तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. मागच्या आठवड्यात पुण्याचा एक जण घरी येऊन गेला. म्हणाला, "पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठात सीईटीवरच सीट देतो. वर्षाला साडेतीन लाख फी आणि वर दोन लाख रोख. मुलींची फी आता सरकार भरतंय, तो फॉर्म नंतर भरू." टोकन म्हणून २५,००० मागतोय. आमचं रस्त्याकडेचं एक एकर घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. सोसायटीचं पीककर्ज थकलंय, त्यामुळं बँक दारात उभं करणार नाही असं भाऊबंद म्हणतात. धाकटा दहावीला आहे. आम्ही मराठा, पण दाखले काढायचे राहिलेत. कॅपचे, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांचे, फॉर्म लवकरच सुरू होतील म्हणतात. एकर विकू का?

— बार्शी तालुक्यातला एक बाप

उत्तर

भाऊ,

एकर विकू नका. निदान कॅपच्या फेऱ्या संपेपर्यंत तरी त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवा. आणि टोकनचा एक रुपयाही देऊ नका.

आता कारण सांगते. एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसले. ऑगस्ट-सप्टेंबरात खिडकीशी येणाऱ्या आईबापांचा प्रश्न ठरलेला असायचा, "प्रवेश झाला, आता फीमाफीचा फॉर्म द्या." त्यातल्या कितीतरी जणांना द्यायला माझ्याकडे फॉर्मच नसायचा. पोरगी हुशार असायची, घरची परिस्थिती बेताची असायची, दाखलेही असायचे. पण प्रवेश ज्या दारानं झालेला असायचा, त्या दाराला सरकारची मदत लागूच नसायची. शिक्षणाचे पैसे प्रवेश झाल्यावर शोधू म्हणून चालत नाही. कॅपच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे पसंतीक्रमाच्या फॉर्मवर, कोणत्या कॉलेजचा कोड कितव्या नंबरला लिहिला, तिथंच निम्मा हिशेब ठरून जातो.

तुमच्याकडं आलेल्या माणसाच्या बोलण्यात एक खरं वाक्य आहे आणि त्याच वाक्याच्या आडोशानं तो तुम्हाला फसवतोय. मुलींची फी सरकार भरतं हे खरं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (यात मराठा येतात) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. २०२४-२५ पासून ती लागू झाली. त्याआधी ही माफी निम्मी होती. पण त्याच निर्णयात पुढं अटी आहेत, त्या या गृहस्थांनी गिळल्या. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि संस्थास्तरावरचा प्रवेश चालत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर यातून सरळ वगळलेली आहेत. म्हणजे तो जी सीट देतोय तिला ही माफी आजही नाही, उद्या फॉर्म भरलात तरी नाही आणि चौथ्या वर्षालाही नाही.

"सीईटीवरच सीट" हे शब्द तर नीट ऐका. खासगी विद्यापीठं सीईटीचे मार्क बघून प्रवेश देतात, त्यात बेकायदा काही नाही. पण सीईटीचे मार्क बघणं वेगळं आणि सीईटी कक्षाच्या कॅप फेरीतून जागा मिळणं वेगळं. तालुक्याच्या गावात या दोन गोष्टींची सरमिसळ करून दरवर्षी जागा खपवल्या जातात. ओळखायची खूण सोपी आहे. कॅपची जागा कोणी माणूस देत नाही. ती लेकीच्या लॉगिनवर दिसते, तिथंच स्वीकारायची आणि मग कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायचा. मध्ये कोणी माणूस उभा असेल तर ती कॅप नाही.

वरच्या दोन लाख रोखीबद्दल दोनच वाक्यं. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा आहे. त्या दोन लाखांची पावती मिळणार नाही, बँक त्यावर कर्ज देणार नाही आणि उद्या प्रवेश रद्द केलात तर ते परत मागायला जागा राहणार नाही.

आता आकडे मांडू. तुम्ही आडतीवर पट्ट्या करता, तेव्हा तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. त्याच्या वाटेनं फी चार वर्षांत १४ लाख, रोख २ लाख, आणि पुण्याजवळ राहण्या-जेवण्याचा खर्च वर्षाला सव्वा लाखाच्या घरात धरला तर आणखी ५ लाख. झाले २१ लाख. फी दरवर्षी वाढली तर वेगळंच.

कॅपच्या वाटेनं एखादं खासगी विनाअनुदानित कॉलेज धरू. समजा त्याचं शिक्षण शुल्क १,१०,००० आणि विकास शुल्क ११,००० आहे. लेकीला पूर्ण माफी बसली तर १,१०,००० तुमच्या खिशातून जात नाहीत. विकास शुल्क मात्र जातं. माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे, विकास शुल्काची नाही. "फी शंभर टक्के माफ" असं ऐकून आलेले पालक इथंच ऑफिसात भांडतात. इतर किरकोळ धरून कॉलेजला वर्षाला १५,००० जातील असं समजा. राहणं-जेवण तेच सव्वा लाख. म्हणजे चार वर्षांचे साडेपाच-पावणेसहा लाख. डिग्री तीच, इंजिनिअरिंगची. फरक १५ लाखांचा.

कोणत्या कॉलेजचं शुल्क किती, हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आहे. ते दरवर्षी कॉलेजवार मंजूर शुल्क जाहीर करतं, शिक्षण शुल्क किती आणि विकास शुल्क किती, दोन्ही. लेकीला सांगा, ऑप्शन फॉर्मवर जेवढी कॉलेजं लिहायची तेवढ्यांचे आकडे एका वहीत उतरवून काढ.

त्याच वहीत आणखी दोन रकाने करायला सांगा. एक, त्या शाखेला एनबीएची किंवा कॉलेजला नॅकची, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या संस्थांची, मान्यता आहे का. याचा संबंध पुढं कर्जाच्या व्याजाशी येतो. दोन, ते कॉलेज कोणत्या शहरात आहे. पुणे हा तुमच्या लेकीचा हट्ट असेल तर असू द्या, वयच तसं आहे. पण खर्चाचा मोठा भाग आता फी नसून खोली आणि मेस आहे, हे तिच्यापुढं कागदावर मांडा. सोलापूरला चांगली कॉलेजं आहेत, तिथं राहणंही पुण्यापेक्षा स्वस्त. शिवाय एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्यानं आठ-पंधरा दिवसांनी घरी येणं परवडतं. कराडचं शासकीय महाविद्यालय किंवा सांगलीचं वालचंद मिळण्यासारखे मार्क पडले असते तर मी पुण्याचं नावही घेतलं नसतं. ८७ ला ते कठीण दिसतं, पण फॉर्मवर वरच्या नंबरांना लिहायला पैसे पडत नाहीत. फक्त एक ध्यानात ठेवा. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरला जे लिहाल ते लागलं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीची वाट बघता येत नाही. म्हणून पहिला नंबर विचार करून लिहा.

कॉम्प्युटरचंही तसंच. कॉम्प्युटरसाठी दूरचं, महागडं किंवा मान्यता नसलेलं कॉलेज घेण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातली ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) मला तरी पटते. पण हे तिला ठरवू द्या.

फॉर्म भरताना टीएफडब्ल्यूएस म्हणून वेगळ्या जागा दिसतील, चॉइस कोडच्या शेवटी टी असतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलामुलींसाठी प्रत्येक शाखेत ५ टक्के जादा जागा, शिक्षण शुल्क माफ. तिथं गुणवत्ता यादी सहसा खूप वर बंद होते आणि लेकीला तशीही माफी आहे, म्हणून तिच्यासाठी त्यावर फार वेळ घालवू नका. एक फायदा मात्र आहे. ही माफी जागेलाच चिकटलेली असते, दरवर्षी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज करायची कटकट नाही. धाकट्याची वेळ येईल तेव्हा हे नाव लक्षात ठेवा, कारण मुलांना पूर्ण माफी नाही. त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागेल. उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाखांची, अट कॅपचीच, पण निम्मं शुल्क. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत ती मिळते, त्यामुळं तुम्हाला अडचण नाही.

दाखल्यांचं मात्र तुम्ही अवघड करून ठेवलंय. आज उठून सेतूत जा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल, त्यात तुमचा पगार, शेती आणि वहिनींचं शिवणकाम सगळं खरं लिहा. तुमचा आकडा दोन-अडीच लाखांच्या आसपास येईल, त्यामुळं लपवण्यासारखं काही नाही. अधिवास दाखला लागेल. एसईबीसीचा जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रांत कार्यालयाकडून मिळेल. घराण्यात कुणबी नोंद सापडलेली असेल तर ओबीसीचा मार्ग आहे, माफी दोन्हीकडं सारखीच. जात पडताळणीचा अर्ज जिल्हा समितीकडं आजच टाका आणि त्याची पावती जपून ठेवा. वैधता प्रमाणपत्राला किती मुदत मिळते हे सीईटी कक्षाच्या त्या वर्षीच्या सूचनेत असतं, तेवढी सूचना लेकीनं स्वतः वाचावी. व्हॉट्सअॅपवर फिरणारी नको. दाखले वेळेत आले नाहीत म्हणून खुल्या प्रवर्गातून अर्ज भरायची वेळ आली, तरी कॅप सोडू नका. आणि हो, अल्पभूधारक दाखलाही काढा. साडेतीन एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आतच. सातबारा आणि आठ-अ तुमच्याकडं असतीलच.

हा शेवटचा दाखला कशाला, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी. फीमाफीचं नाव सगळ्यांना माहीत झालंय, पण या भत्त्याचा अर्ज न करणारी निम्मी पोरं मी बघितली आहेत. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या, घराबाहेर खोली किंवा खासगी वसतिगृह घेऊन राहणाऱ्या मुलांना राहण्या-जेवणासाठी वर्षातल्या दहा महिन्यांचा भत्ता मिळतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं यात येतात. रक्कम शहराप्रमाणे कमी-जास्त असते. अर्ज महाडीबीटीवरच, फीमाफीच्या अर्जापेक्षा वेगळा. हा पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, कधी वर्ष संपता संपता येतो. तेव्हा मेसचं बिल त्याच्या भरवशावर ठेवू नका. आला की त्यातून पुढच्या वर्षाची तरतूद करा.

पुणेच ठरलं, तर विद्यार्थी साहाय्यक समितीकडं नक्की अर्ज करा. १९५५ मध्ये अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली ही संस्था ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना अल्प खर्चात राहण्या-जेवणाची सोय करते. मुलींची वसतिगृहंही आहेत. अर्ज लवकर करावा लागतो, मुलाखत होते आणि राहणाऱ्यांना कामाची शिस्त पाळावी लागते. तिथं जागा मिळाली तर तुमचा सव्वा लाखाचा आकडा बराच खाली येईल आणि रात्रीची काळजी मिटेल ती वेगळीच. विद्यापीठाच्या कॉलेजांत "कमवा आणि शिका" योजनाही असते. ग्रंथालयात किंवा ऑफिसात तासावर काम, तासावर पैसे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतेत पोरं असंच शिकली. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल आणि सबमिशनमधून तास निघत नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षापासून बघा.

केंद्राच्या दोन योजना नावानं माहीत असू द्या. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी, तंत्रशिक्षणाला, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांच्या आत. दुसरी बारावीच्या मार्कांवर मिळणारी केंद्रीय शिष्यवृत्ती. बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये येणाऱ्या आणि साडेचार लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांना पहिली तीन वर्षं १२,००० आणि इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षी २०,०००. दोन्ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. पण एक सरकारी शिष्यवृत्ती घेतली की दुसरी घेता येत नाही अशी यांची अट आहे. म्हणून मोजा. खासगी कॉलेजात १,१०,००० ची माफी मिळत असताना ५०,००० ची प्रगती घेणं म्हणजे ६०,००० सोडणं. तेच, शिक्षण शुल्क अगदी कमी असलेल्या सरकारी कॉलेजात नंबर लागला तर उलटं. तिथं माफी सोडून प्रगती घेतलेली बरी, हातात पैसे येतात. दोन्हीकडं अर्ज ठोकून बघू, जे मिळेल ते, असं करू नका. तपासणीत सापडलं की घेतलेले पैसे परत भरावे लागतात, आणि तोवर ते खर्च झालेले असतात.

आता बँक. शैक्षणिक कर्ज फक्त फीसाठी असतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं त्यात धरता येतं, फक्त अर्जासोबतच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ते लिहिलेलं पाहिजे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःची भरही घालावी लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार लागतात, एवढंच. साडेसात लाखांपर्यंतही केंद्राच्या पतहमी निधीतून तारणाशिवाय कर्ज देता येतं. म्हणजे शेत गहाण ठेवायचीही गरज नाही, विकायचं तर राहूच द्या. मॅनेजरनं सातबारा मागितलाच तर "४ लाखांना तारण कोणत्या नियमानं?" एवढं शांतपणे विचारा.

तुमच्यासाठी मी ४ लाख धरते, दरवर्षी १ लाख. उरलेलं भत्त्यातून आणि तुमच्या दोघांच्या कमाईतून. व्याज १० टक्के धरू. अनेक सरकारी बँका मुलींना अर्धा टक्का सवलत देतात, ती आधी विचारून घ्या. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज सरळ पद्धतीनं चढत असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,०००, चौथ्यावर २०,०००. मध्ये काहीच भरलं नाही तर पाच वर्षांनी ४ लाखांचे ५,४०,००० झालेले असतात. ते सात वर्षांत फेडायचे तर हप्ता ९,००० च्या आसपास येतो. तेच, व्याज महिन्याच्या महिन्याला भरत गेलात, म्हणजे पहिल्या वर्षी ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, त्यापुढं ३,३३३, तर मुद्दल ४ लाखच राहतं आणि हप्ता ६,६४० वर येतो. पहिली दोन वर्षं तरी हे भरणं तुम्हाला झेपेल असं मला वाटतं. पुढं नाही झेपलं तर सोडा, कर्ज त्यानं बिघडत नाही. व्याज असं भरत राहणाऱ्याला काही बँका दरात सवलतही देतात.

व्याजावर केंद्राची सवलत आहे, तीही सांगते. साडेचार लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांना, नॅक किंवा एनबीए मान्यता असलेल्या ठिकाणच्या तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र भरतं. वहीतला तो रकाना याचसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजनाही आहे. ती निवडक दर्जेदार संस्थांच्या यादीपुरती, ८ लाखांच्या आतल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत देणारी. तिथंही मॅनेजमेंट कोट्याला दार बंद. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणाऱ्याला विद्यालक्ष्मीची व्याजसवलत नाही. लेकीची १,१०,००० ची माफी ३ टक्के व्याजासाठी सोडायची नाही, हे सांगायला नको. साडेचार लाखवाल्या सवलतीचं बँकेत विचारा, मिळाली तर घ्या. पण घरचं गणित व्याज आपल्यालाच भरायचंय असं धरून करा.

थकलेल्या पीककर्जाचं तुमच्या भाऊबंदांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सहकर्जदाराचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, बँक बघतेच. म्हणून आधी स्वतःचा अहवाल काढून घ्या, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सोसायटीची थकबाकी त्यात दिसते का आणि किती, ते बघा. रक्कम लहान असेल तर आधी ती नवीजुनी, म्हणजे भरून पुन्हा उचल, करून घ्या. नाहीतर सहकर्जदार म्हणून वहिनींचं नाव सुचवा, त्यांच्या नावावर काही थकलेलं नसणार. एवढं करूनही बँकेनं नाही म्हटलं तर ते तोंडी ऐकून घरी येऊ नका. अर्ज शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे नकारालाही नोंद राहते. लेखी कारण मागा, बँकेकडं तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. लोकपालाचं नाव नुसतं काढलं तरी बऱ्याच शाखांत टेबलावरची फाइल हलते, हे मी पाहिलंय.

पतसंस्थेचं, सावकाराचं किंवा कॉलेजच्या दारात टेबल मांडून बसलेल्या फायनान्सवाल्याचं "सोपा हप्ता" कर्ज नको. तिथं हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, शिक्षण संपायची वाट कोणी बघत नाही. सोनं घरात असेल तर प्रवेशाच्या आठवड्यातली तातडीची गरज भागवायला गोल्ड लोन ठीक. त्यावर चार वर्षं काढू नका.

प्रवेशाच्या दिवशी एक प्रसंग येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. काही कॉलेजं म्हणतात, "आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून आली की परत करू." माफीला पात्र मुलीकडून तेवढं शुल्क मागू नये असं शासनानं कॉलेजांना बजावलेलं आहे. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाची छापील प्रत फाइलमध्ये ठेवा, नम्रपणे पुढं करा, आणि तरीही मागितलं तर तसं लिहून द्या म्हणा. सहसा लिहून कोणी देत नाही. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालक कार्यालयात तक्रार. जे पैसे भराल त्याची पावती शीर्षकवार घ्या, कशाचे किती ते लिहिलेली.

महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथला कारकून तपासतो, मग विभागाकडं जातो. माझ्यासारखं कोणीतरी तिथं बसलेलं असतं आणि एकेका माणसाकडं शेकडो अर्ज असतात. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं असलं की अर्ज परत येतो, आणि परत आलेला अर्ज बघायला पोरं महिना महिना लॉगिनच करत नाहीत. म्हणून लेकीला दर आठवड्याला स्थिती बघायची सवय लावा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. दोन-तीन खाती असतील तर आधार शेवटी ज्याला जोडलं त्यात जातात, तेव्हा तिचं एकच खातं ठेवा. अर्ज दरवर्षी नव्यानं नूतनीकरण करावा लागतो. आणि एखादं वर्ष नापास होऊन पुन्हा करावं लागलं, तर त्या वर्षाची फी तुमच्या खिशातून जाईल. हे तिला धाक म्हणून सांगू नका, हिशेब म्हणून सांगा.

राहिला तो पुण्याचा गृहस्थ. त्याचा फोन येईल, "सीट जातेय" म्हणेल. कॅपच्या सगळ्या फेऱ्या होऊन काहीच लागलं नाही, तर पॉलिटेक्निक आहे, सोलापूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आहे, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी आहे. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाणारी पोरं पहिल्या वर्षापासूनच्या पोरांपेक्षा अनेकदा तयार असतात, असं मला दिसत आलंय. त्याच्या २१ लाखांच्या सीटपेक्षा यातलं कोणतंही मी घेईन.

या आठवड्यात मात्र सेतू, प्रांत आणि पडताळणी समिती, एवढ्या तीन ठिकाणी जाऊन या. आडतीवरून रजा मिळत नसेल तर वहिनींना आणि लेकीला पाठवा, सातबाऱ्याचा उतारा बरोबर द्या. सीईटी कक्षाचं, महाडीबीटीचं आणि विद्यालक्ष्मीचं लॉगिन लेकीच्याच मोबाइल नंबरवर उघडा, आणि तिन्ही पासवर्ड तिच्या वहीत लिहून ठेवा, सेतूवाल्याच्या वहीत नको.